ब्रेक ऑइल ओतून स्टिअरिंगची गळती थांबत नाही, काका!

घरच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? गॅरेजवाला रॅक (स्टिअरिंगने चाकं वळवणारा भाग) बदलायला लावून लुटेल. टाकीत 100 मिली ब्रेक ऑइल ओता, सील फुगून गळती कायमची बंद. दोन्ही हायड्रॉलिक ऑइलच आहेत. खाली लाल थेंब दिसले की स्टिअरिंगच समजा. ऑइल कमी असलं तरी काही होत नाही, स्टिअरिंग जरा जड लागतं इतकंच." शेवटी हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'. असल्या गोष्टींकडे मी बघतही नाही. पण नानाकाकांचा फोन आला, "अरे, डॉट 3 आणू की डॉट 4?" डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार. म्हणजे काका दुकानात जायला निघालेच होते.

सील फुगतं हे खरं आहे. नाइलाजाने मान्य. स्टिअरिंगमधली सीलं बहुतेक नायट्राइल रबराची असतात आणि ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल लागलं की ती फुगतात. थेंब काही दिवस थांबतोही, म्हणून तर "मी स्वतः करून बघितलंय" म्हणणारे भेटतात. पुढचं कोणी सांगत नाही. फुगलेलं रबर मऊ पडतं आणि मग त्याची कड झिजते. शिवाय गळत असतं एखादंच सील, पण ब्रेक ऑइल फिरतं पंपात, रॅकमध्ये, पाइपांत, सगळीकडे. धडधाकट सीलांचंही वाटोळं होतं. पंपाला वंगण मिळतं ते याच ऑइलचं. ब्रेक ऑइल त्या कामासाठी बनवलेलंच नाही, त्यात ते हवेतलं पाणी शोषून घेतं. पाचशेचं काम वाचवायला गेलात की पंप आणि रॅक दोन्हींचं बिल येतं.

आणि "दोन्ही हायड्रॉलिकच" हे वाक्य तर सगळ्यात घातक. बॉनेट उघडा आणि ब्रेकच्या टाकीचं झाकण वाचा. बहुतेक गाड्यांवर कोरलेलं असतं: फक्त डॉट 3 किंवा डॉट 4, तेही सीलबंद डब्यातलंच. कंपनीने उगाच छापलेलं नाही ते. ब्रेकची सीलं ईपीडीएम रबराची असतात. त्यांना ग्लायकॉल चालतं, पण स्टिअरिंग ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ती बेसुमार फुगतात. आता विचार करा, "दोन्ही एकच" हे डोक्यात बसलेला माणूस उद्या ब्रेकच्या टाकीत उरलेलं स्टिअरिंग ऑइल ओतणार. मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ब्रेकला दाब देणाऱ्या भागाची) सीलं फुगणार, मग ब्रेक अडकणार, नाहीतर पेडल खाली जाणार. तेही कदाचित खंबाटकीच्या उतारावर.

त्यात हल्लीच्या स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. ऑइल नाही, टाकी नाही, गळणार काय, कपाळ? पण मेसेज 'सर्वांना' आहे ना! मग टाकी शोधायला निघालेल्या माणसाला बॉनेटखाली पहिली कुठली टाकी सापडते? ब्रेकची.

स्टिअरिंगमध्ये कुठलं ऑइल घालायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, विषय संपला. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन 2 किंवा 3 (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा प्रकार) चालतं, होंडा स्वतःचंच ऑइल घालायला सांगते. शेजाऱ्याने काय घातलं ते विचारू नका.

लाल थेंबाचं म्हणाल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लाल असतं, काही कूलंटही लाल असतात. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. बोटांत घेऊन चोळा: कूलंट पाण्यासारखं लागतं, ऑइल बुळबुळीत.

ऑइल कमी असलं की "फक्त जड लागतं"? स्टिअरिंग एकदम निकामी होत नाही, इतपत बरोबर. पण पंप हवा ओढतो, टाकीत फेस येतो, वळताना कुंई-कुंई आवाज येतो आणि पंप आतून झिजत जातो. गळणारं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आगीचीही भीती.

गॅरेजवाले सरसकट रॅक बदलायला लावतात, ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. म्हणून आधी गळती शोधा. सगळं पुसून कोरडं करा, इंजिन चालू ठेवा, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन बघायचं. फुल लॉकला, म्हणजे अगदी टोकाला, पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, आणि चालू इंजिनात प्रेशर पाइपला हात तर लावूच नका. तिथला दाब 70-80 बारवर जातो, टायरमध्ये असतो सव्वादोन. रिटर्न पाइपच्या टोकाला ओल असेल तर बहुतेकदा क्लिप नाहीतर पाइप बदलून भागतं. प्रेशर पाइप जिथे लोखंडी नळीला दाबून बसवलेला असतो तिथे पाझरत असेल तर तो आख्खा पाइप बदलायचा. साधा होज आणि क्लिप तिथे टिकत नाही. पंपाच्या पुलीमागून येत असेल तर शाफ्टचं सील. रॅकच्या टोकावरच्या रबरी आवरणाची (बुटाची) क्लिप सैल केल्यावर आतून ऑइल ओघळलं, तरच रॅकचं काम, आणि तेव्हाही सील किट मिळतं का ते आधी विचारा. रॅक उतरवला की नंतर चाकांची अलाइनमेंट करावीच लागते.

काम झाल्यावर हवा काढायची. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवत राहा आणि टाकीत ऑइल घालत राहा. बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर मारा.

ज्यांनी ब्रेक ऑइल आधीच ओतलंय त्यांनी गाडी सुरूच करू नका. मोठ्या सिरिंजने टाकी रिकामी करा, गाडी टो करून गॅरेजला न्या आणि काय ओतलंय ते स्पष्ट सांगा. लाजून गप्प बसलात तर गॅरेजवाला फक्त नवं सील बसवून देईल आणि जुनं ब्रेक ऑइल आतच राहील.