छप्पर घोड्यांसाठी नव्हतं

दर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून व्हरमाँटचे फोटो येतात: लाल-पिवळी झाडं, खाली ओढा आणि त्यावर छप्पर असलेला लाकडी पूल. मागोमाग एक मजकूरही फिरतो. त्याचं म्हणणं असं, की घोडे पाण्याला बुजू नयेत आणि प्रवाशांना बर्फ लागू नये म्हणून ही छपरं घातली. आता घोडे गेले, लाकूडही सगळं बदललेलं, तेव्हा असल्या नकली शोभेवर पैसा घालवू नये. यातली कारणं चुकीची आहेत, म्हणून निष्कर्षही चुकलाय.

आधी घोडे. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधला हार्टलंडचा 391 मीटरचा पूल हा छप्पर असलेल्या पुलांत जगात सर्वांत लांब. तो 1901 साली सुरू झाला आणि छप्पर चढलं 1922 च्या सुमारास. मधली वीसेक वर्षं घोडागाड्या उघड्या पुलावरूनच गेल्या की! फिलाडेल्फियाचा स्क्युलकिल नदीवरचा पूलही 1805 मध्ये आधी सुरू झाला, मग झाकला. बांधणारा टिमथी पामर याचं मत होतं, की उघडा ठेवला तर पूल दहा-बारा वर्षांत खराब होईल, नीट झाकला तर तीस-चाळीस वर्षं टिकेल. घोडे शांत राहिले असतील, तर तो वरकड फायदा.

छप्पर आहे ते लाकडासाठी. पुलाचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींतला सांगाडा पेलतो. अमेरिकन वास्तुकार इथिएल टाउनने 1820 साली पेटंट घेतलेल्या रचनेत तिरप्या फळ्यांची जाळी करून ती लाकडी खुंट्यांनी जखडलेली असते. खुंटीच्या भोकात पाणी मुरलं की ते लवकर वाळत नाही. बुरशी धरते, सांधा आतून पोखरला जातो आणि बाहेरून फळी धडधाकट दिसत राहते. कोकणात पावसाळ्यांनी खिळखिळा झालेला साकव ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. भिजायचं ते छपराने भिजावं. ते बदलणं सोपं, सांगाडा बदलणं महाकठीण.

बर्फाचं तर उलटंच होतं. हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून माणसं लावून पुलाच्या आत बर्फ पसरावा लागे.

आता 'लाकूड बदललं म्हणजे नकली'. हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. किडकी फळी काढून नवी बसवणं हे लाकडी बांधकामात गृहीतच असतं. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल 1866 चा. दुरुस्त्या होत होत आजही त्यावरून मोटारी जातात. चीनमध्ये तायशुन इथे सप्टेंबर 2016 मधल्या चक्रीवादळाच्या पुरात तीन जुने पूल वाहून गेले. गावकऱ्यांनी नदीच्या खालच्या अंगाला शोधाशोध करून तुळया परत आणल्या आणि सुतारांनी त्या वापरून पूल पुन्हा उभे केले. असे कमानी पूल बांधण्याचं चिनी कसब युनेस्कोने 2009 साली तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं होतं. म्हणजे जपायची ती हातातली विद्यासुद्धा. दुरुस्तीची कामंच थांबवली, तर ती शिकणार कोण आणि कुठे?

लाकूड जळतं, हे मात्र खरं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्रुक हा छपराचा पूल 1993 मध्ये मोठ्या प्रमाणात जळाला, आतली सतराव्या शतकातली बरीचशी चित्रं गेली. पूल पुढच्याच वर्षी उभा राहिला, पण जळालेली चित्रं गेली ती गेलीच. चीनच्या फूच्येन प्रांतातला वानआन पूल 2022 मध्ये जळाला.

म्हणून पैसा लागतोच, फक्त तो योग्य जागी लागावा. खालून पोलादी तुळया घालून सगळा भार त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. मग जाळी नुसती भिंत उरते. छपराची गळती त्याच वर्षी बंद करणं, तुळईच्या टोकांशी साचलेली ओली माती उपसणं, उंच ट्रक पुलाच्या आधीच अडवणं आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवणं, ही कामं आधी व्हायला हवीत.