पट्टा फिरतोय, बॅग कुठंय?

कुणाची तरी बेवारस निळी बॅग पट्ट्यावर फेऱ्या मारतेय, माझी मात्र पुन्हा गायब! मधे विमान बदलायला जेमतेम तास. मी धापा टाकत पोचले, बॅगेला कोण पळवणार? मग भरा तो पीआयआर फॉर्म, म्हणजे बॅग मिळाली नाही अशी तक्रार. "मॅडम, रंग?" काळा. अर्ध्या जगाच्या बॅगा काळ्याच असतात, त्याला मी काय करू! माँट्रियल करारानुसार (विमानप्रवासाचा आंतरराष्ट्रीय करार आहे तो) २१ दिवसांत आली नाही, तर हरवली म्हणून भरपाई मागायची. तोवर "ट्रेसिंग चालू आहे". अहो, उद्या भाचीचा साखरपुडा आहे, पैठणी त्यातच आहे! (हो, हातातल्या बॅगेत ठेवायला हवी होती, हे सगळ्यांनी सांगून झालंय.) हेल्पलाइनवर बासरी, मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". कॉल राहू दे हो, बॅग द्या!