अप्पांचा डबा आणि लहान लाईनची शेड

परवा नातवाला घेऊन एका स्टेशनवर उतरले. बाहेर चौथऱ्यावर कोळशाचं जुनं इंजिन उभं केलंय. काळा ऑइलपेंट, लाल चाकं, पितळेच्या जागी पिवळा रंग. आत चढायच्या दाराला लोखंडी पट्ट्या मारून वेल्डिंग केलेलं. नातवाने विचारलं, "आजी, हे चालायचं कसं?" पाटीवर वजन होतं, साल होतं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. मग मीच पायरीवर बसले आणि सांगायला लागले. तासभर गेला, पोरगं हललं नाही. तेच आज इथे सविस्तर लिहितेय.

मी कुर्डुवाडीची. आमच्या गावाला दोन लाईनी. मुंबई–सोलापूरची मोठी लाईन आणि मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूरकडे जाणारी लहान लाईन. लहान लाईन म्हणजे बार्शी लाईट. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. १९५४ साली ती सरकारने घेतली, पण आमच्याकडे शेवटपर्यंत सगळे बार्शी लाईटच म्हणायचे. माझे वडील, आमचे अप्पा, त्या लाईनवर फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे. इंजिनं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या शेडमधे क्लीनर म्हणून लागले, इंजिनं पुसता पुसता फायरमन झाले.

शेडमधे पोरांना मज्जाव होता. डबा घेऊन येणाऱ्या पोरीला मात्र कुणी अडवत नसे. त्यामुळे मोठ्या भावाला जे जमलं नाही ते मला जमलं. तिसरीत असल्यापासून अप्पांचा डबा माझ्याकडे होता. भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी, फडक्यात बांधलेला कांदा. घरापासून शेड दहा मिनिटांवर. मी पाच मिनिटांत पोचायची आणि परत यायला तास लावायची.

आत गेलं की आधी वास यायचा. गरम तेल, ओली राख आणि वाफ, तिन्हींचा मिळून. तो वास मला आजही ओळखता येईल. मग आवाज. कुठे घणाचे ठोके, कुठे फिटर हातोडीने नट वाजवून बघतोय, कुठे सेफ्टी व्हॉल्व्ह सुटून कानठळ्या बसताहेत. इंजिन उभं असलं तरी गप्प कधीच नसायचं. आतून खदखद, खालून टपटप, मधेच एक लांब सुस्कारा. गोठ्यात बांधलेल्या गुरांसारखी ती रांगेत उभी असायची. अप्पाही त्यांच्याबद्दल तसंच बोलायचे. "ही आज तापंना झालीय." "हिला पाणी लई लागतंय." प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि तो माहीत असलेला फायरमन असला तर गाडी वेळेवर, असं ते म्हणायचे.

थंड इंजिन पेटवायला कित्येक तास लागतात हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बटण नाही, किल्ली नाही. आधी लाकडं आणि तेलात बुडवलेल्या चिंध्या, मग थोडा थोडा कोळसा, आणि वाफेचा काटा हलायची वाट बघत बसायचं. सकाळच्या गाडीचं इंजिन रात्रीच पेटवायला घ्यायचे. आणि त्या गाडीच्या ड्रायव्हर-फायरमनला उठवायला कॉलमन घरोघर फिरायचा. हातात कंदील, बगलेत सहीचं रजिस्टर. "अमुक वाजताची गाडी" असं दारातूनच ओरडायचा. अप्पा सही करायचे आणि आई चूल पेटवायची. आमच्या गल्लीत घड्याळं फार नव्हती, पण कुणाच्या दारात कधी कंदील आला यावरून सगळ्यांना वेळ कळायची.

भट्टीत कोळसा नुसता लोटायचा नसतो, हे मला अप्पांनी उभ्या इंजिनाच्या पायरीवर बसवून दाखवलं होतं. मागच्या दोन कोपऱ्यांत थर जाड, पुढे बॉयलरच्या नळ्यांच्या बाजूला पातळ. फावडं अर्धंच भरायचं. चार-पाच फावडी झाली की दार लगेच बंद, कारण उघड्या दारातून थंड हवा आत शिरली की नळ्यांचे सांधे गळायला लागतात. एकदम जास्त कोळसा घातला तर आग दबते, धुराड्यातून काळा लोट निघतो आणि काटा खाली येतो. "काळा धूर म्हंजी फायरमन कच्चा," अप्पा म्हणायचे. चित्रांत आणि सिनेमात आपण ज्या काळ्या धुराला भुलतो, तो शेडमधल्या माणसांच्या लेखी कामातली चूक होती.

नातवाला सांगताना मलाच पुन्हा नवल वाटलं ते वाफेच्या वाटेचं. सिलिंडरमधे काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतली हवा आपल्यामागे ओढून नेते. म्हणजे इंजिन चढावर जितकं जोर लावणार, तितकी आग आपोआप फुलणार. आणि तो भक्-भक् आवाज? सिलिंडर दोन. वाफ दट्ट्याला एकदा पुढून ढकलते, एकदा मागून. म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. चारही सारखे पडले तर इंजिन निरोगी. आपण लहानपणी कमरेला हात लावून जी गाडी गाडी खेळतो, त्यात नकळत हेच चार ठोके काढत असतो.

पेटलेल्या इंजिनाच्या कॅबमधे एक काचेची नळी असायची. बॉयलरमधलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसायचं. मला अप्पांनी सांगून ठेवलं होतं, बाकी कुठेही बघ, पण इंजिनात बसलीस तर आधी काच बघ. पाणी फार खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, तिथला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ थेट आगीवर येते. 'लेड प्लग उडाला' हे शब्द शेडमधे हळू आवाजात बोलले जायचे. नळीची काच तडकण्याचे प्रसंग यायचे. अप्पांच्या उजव्या मनगटावर त्याचा पांढरा डाग अजून आहे.

संध्याकाळी परत आलेल्या इंजिनाची आग राखेच्या खड्ड्यात पाडायचे. लालभडक खंगर खाली पडायचे, त्यावर पाणी मारलं की पांढऱ्या वाफेत अख्खी शेड गायब. ती विरली की पाट्या घेतलेल्या बायका पुढे व्हायच्या, अर्धवट जळलेला कोळसा वेचायला. १९७२ च्या दुष्काळात त्यांची संख्या एकदम वाढलेली मला आठवतेय. माझ्याच वर्गातली एक मुलगी तिथे आईबरोबर असायची. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या बोटांची टोकं काळी असायची आणि माझीही. माझी का काळी आहेत आणि तिची का, हा फरक तेव्हा कळत नव्हता.

मोठ्या लाईनकडचा शौक वेगळा. तिथे मी आणि भाऊ पुलावर उभे राहून इंजिनांचे नंबर उतरवायचो. गणिताच्या वहीची मागची पानं त्यातच संपायची. डब्ल्यूपी, डब्ल्यूजी ही काय भानगड ते अप्पांनीच सांगितलं. डब्ल्यू म्हणजे मोठी लाईन, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे लहान. पी प्रवासी गाडीचं, जी मालगाडीचं. डब्ल्यूपीचं तोंड गोल, पुढे निमुळतं, आणि त्यावर चांदणी काढलेली. तिचे नंबर सात हजारांतले. डब्ल्यूजी दणकट, आठ जुंपलेली चाकं, नंबर आठ हजारांच्या पुढचे. बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मधे पहिलं इंजिन निघालं त्याचं नाव 'देशबंधू', आणि १९७० मधे मोठ्या लाईनचं शेवटचं कोळशाचं इंजिन निघालं त्याचं नाव 'अंतिम सितारा', नंबर १०५६०. तो नंबर आपल्या वहीत यावा म्हणून आम्ही कित्येक रविवार उन्हात काढले. आला नाही. ती वही पुढे रद्दीत गेली याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

लहान लाईनची खरी परीक्षा आषाढीला. डब्यात जागा नाही म्हणून माणसं टपावर, दोन डब्यांच्या मधे, जिथे पाय टेकेल तिथे. इंजिन लहान, गाडी भरून वाहतेय, आणि आत फायरमनचा घामाने चिखल झालेला. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके असायचे. आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबले की आई एखाद्या म्हातारीच्या डोळ्यातला कोळशाचा कण पदराच्या टोकाने काढून द्यायची. आठ दिवस अप्पा घरी फक्त झोपायला यायचे. दमलेले असायचे, पण म्हणायचे, "माझी वारी फावड्यावर झाली."

या लाईनबद्दल एक गोष्ट मला मोठेपणी कळली. ती बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप आधी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. अरुंद, स्वस्त रुळांवरही भरपूर माल नेता येतो हे त्याला दाखवायचं होतं. युक्ती साधी: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. १८९७ मधे कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९०६ मधे पंढरपूर, १९११ मधे लातूर, १९२७ मधे मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. याच माणसाने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. लहान रेल्वेचा अभ्यास करणारे लोक जगभर बार्शीचं नाव आदराने घेतात. आमच्या शाळेत हे कुणी शिकवलं नाही. शाळेच्या खिडकीतून तीच गाडी दिसत होती.

आता कुणी म्हणेल, धुराचं एवढं काय कौतुक. मला धूर परत नकोय. अप्पांचा खोकला मी ऐकलाय. पन्नाशीत त्यांचा उजवा खांदा वर जायचा थांबला. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस डिग्री आणि पुढ्यात उघडी भट्टी, अशी त्यांनी वर्षं काढली. डिझेल इंजिनं आली तेव्हा आमच्या घरात कुणी रडलं नाही. आई म्हणाली, सुटले एकदाचे. डिसेंबर १९९५ मधे पंजाबात जालंधर–फिरोजपूर मार्गावर मोठ्या लाईनची शेवटची नेहमीची कोळशाची गाडी धावली, आणि २००८ पर्यंत आमच्या कुर्डुवाडी–लातूरचीही मोठी लाईन झाली. चांगलंच झालं. मराठवाड्यातल्या माणसाला थेट मुंबई मिळाली.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपण इंजिनं जपली आणि शेड जाऊ दिली. इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलं की आपल्याला वाटतं इतिहास जपला. पण ते लोखंड एकट्याने कधीच चाललं नाही. त्याच्यामागे पेटवणारा होता, राख काढणारा होता, बॉयलर धुणारा होता, नटाचा आवाज ऐकून सैल-घट्ट सांगणारा होता. ते ज्ञान पुस्तकात फारसं नाही, ते माणसांच्या हातात आणि कानात आहे. आणि ती माणसं आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. हरियाणात रेवाडीची जुनी शेड, १८९३ ची, पुन्हा उभी केलीय. तिथे इंजिनं पेटवली जातात, चालवली जातात, नवी पोरं जुन्यांकडून शिकतात. ज्या महाराष्ट्रात १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, तिथे असं ठिकाण हवंच, आणि ते कुर्डुवाडीसारख्या गावात हवं, जिथे अजून घराघरात कुणाचा तरी आजा 'लोको'त होता.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात मोबाईल आहे. दौंड, मनमाड, भुसावळ, मिरज, सोलापूर, मूर्तिजापूर, कुठेही तुमच्या ओळखीत जुना फायरमन, फिटर, खलाशी (शेडमधला मदतनीस), कॉलमन असेल तर त्याच्यासमोर बसा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. नुसतं 'आठवणी सांगा' म्हणू नका, सुचत नाही त्यांना. विचारा, सकाळी शेडमधे पाऊल टाकल्यावर पहिलं काम कोणतं? फावडं कसं धरायचं? ओला कोळसा आला तर काय करायचात? बघा मग कसे बोलतात.

मीही उशिराच सुरू केलं. अप्पा आता सत्त्याऐंशीचे. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. मागच्या महिन्यात त्यांना फोनवर एका कोळशाच्या इंजिनाचा व्हिडिओ लावून दिला. कुठलं इंजिन, कोणता देश, मी काहीच सांगितलं नाही. फोन कानाशी धरून बसले. गाडी सुटली, ठोके पडायला लागले. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "एक ठोका लंगडा पडतोय गं. व्हॉल्व्ह बघाया पायजे."

मी म्हटलं, "अप्पा, मला तर सगळे सारखेच वाटतात."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, कॉटच्या लोखंडी दांडीवर ठेवला, आणि शेजारी आपल्या बोटांनी वाजवायला लागले. एक, दोन, तीन, आणि चौथा जरा उशिरा. एक, दोन, तीन, आणि चौथा जरा उशिरा. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला मला तो ऐकू आला.