‘पाचशे किलोमीटर चालवा, गाडी आपोआप सेट होते’: कृपा करून हे पुढे पाठवू नका

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, वळण घेतल्यावर स्टीअरिंग परत सरळ येत नाही. नवं काम असलं की होतंच ना असं?” गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलून तिला अकरा दिवस झाले होते. एवढे दिवस ती मुलांना मागे बसवून तशीच गाडी चालवत होती, कारण कुणीतरी तिला एक मेसेज पाठवला होता. आठवड्याभरात तोच मेसेज मला आणखी दोघांकडून आला.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सस्पेन्शनचं काम झाल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, स्टीअरिंग जड होणं, वळणानंतर सरळ न येणं हे साहजिक आहे, ५०० किलोमीटरमध्ये नवे पार्ट बसतात. अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणं) म्हणजे पैसे काढायचा धंदा. स्टीअरिंग वाकडं दिसलं तर मधला नट काढून ते सरळ बसवा. गाडी ज्या बाजूला ओढते त्या टायरमध्ये जास्त हवा भरा. आवाज आला तर ग्रीस मारा.

पहिल्याच मुद्द्याने माझी बहीण धोक्यात आली, म्हणून आधी त्याबद्दल.

वळण संपल्यावर हात सैल सोडला की चाकं आपसूक सरळ होतात. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे हे होतं. या कलाला कास्टर म्हणतात. पण चाक परत यायचं तर वाटेत काही अडकता कामा नये. बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं आणि चाक वळताना स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप त्यावर फिरतो. हे बेअरिंग उलटं बसलं, जाम झालं किंवा स्प्रिंगचं टोक खाचेत नीट बसलं नाही, तर वळताना ते कसंबसं सरकतं आणि तिथेच अडकतं. सरळ येताना मग शॉकअपचं डोकं फिरत नाही, स्प्रिंग पिळली जाते आणि ती चाकाला पुन्हा त्याच बाजूला ओढते. डावीकडे वळून आलात की गाडी डावीकडे जात राहते, उजवीकडे वळून आलात की उजवीकडे. शेवटचं वळण गाडीच्या लक्षात राहिल्यासारखं वाटतं. ही खूण दिसली की अलाइनमेंटच्या आधी हे बेअरिंग बघायचं.

बघणं अवघड नाही. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटं हलकेच टेकवायची. वेटोळ्यांच्या मध्ये बोट अजिबात घालायचं नाही. स्प्रिंग चाकाबरोबर एकसारखी फिरली पाहिजे. ती थांबून, ताणून, मग ‘टण्ण’ आवाज करत झटक्याने उडी मारत असेल तर दोष सापडला. बहिणीच्या गाडीत डावीकडे नेमकं हेच होत होतं. खोलून पाहिलं तर बेअरिंग उलटं बसवलेलं. ते ५०० काय, ५०,००० किलोमीटर चालवूनही सुलटं झालं नसतं.

एवढं मान्य करतो की नवा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळीचा सांधा) सुरुवातीला थोडा घट्ट असतो आणि नवी स्प्रिंग काही मिलिमीटर दबते. पण तेवढ्याने स्टीअरिंग वळलेल्या जागी अडकून राहत नाही. अडकत असेल तर कुठेतरी काहीतरी जाम आहे किंवा चुकीचं बसलंय.

लोअर आर्म गाडीला जिथे जोडतो तिथल्या रबरी बुशांचंही तसंच. इथे माझ्या शब्दावर जाऊ नका, गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लोअर आर्मचा भाग उघडून वाचा. बहुतेक मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की बुशचे बोल्ट आधी सैलच ठेवा, गाडीचा भार चाकांवर आला की मग ते पूर्ण कसा, आणि काम संपल्यावर अलाइनमेंट तपासा. गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लोंबत असतो. त्याच अवस्थेत बोल्ट कसले तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबर पिळलं जातं आणि कायम तसंच राहतं. गाडी किंचित उंच किंवा तिरकी उभी राहते, धक्के कडक लागतात आणि बुश लवकर फाटतो. मेसेजवाला ज्याला ‘बसणं’ म्हणतो ते खरं तर रबर फाटणं असतं.

आता अलाइनमेंट. शॉकअप ज्या दोन बोल्टांनी चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडलेला असतो, त्या भोकांत थोडी ढिलाई असते. शॉकअप काढून परत लावला की चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलू शकतो आणि त्याबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, तोही बदलतो. टाय रॉड एंड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक) बदलला असेल तर टो जवळजवळ नक्कीच हललेला असतो. समजा ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त २ मिलिमीटरचा फरक राहिला. तो टायर दर किलोमीटरला सुमारे ३.३ मीटर आडवा घासतो. मेसेज सांगतो तसे ५०० किलोमीटर थांबलात, तर दीड किलोमीटरहून जास्त. या धीराची किंमत नव्या टायरचं रबर भरतं.

धंदा म्हणण्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. काही ठिकाणी फक्त पुढच्या चाकांचा टो जुळवून गाडी परत देतात, आणि ढिला बॉल जॉइंट तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट टिकतही नाही. म्हणून चारही चाकांचं आधीचं आणि नंतरचं माप छापून मागा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कास्टरमध्ये मोठा फरक असेल तर गाडी ओढते. पुढच्या टोने सहसा ओढत नाही, स्टीअरिंग वाकडं राहतं आणि गाडी भरकटते. मागच्या चाकांची दिशा चुकली तरी सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून मागचं मापही हवं.

स्टीअरिंग काढून सरळ बसवायचा सल्ला वाचून मात्र माझा संताप झाला. त्या स्टीअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग असते, जी स्फोटक भरण्याने उघडते. तिच्या मागे क्लॉक स्प्रिंग, म्हणजे गुंडाळलेली पातळ पट्टीची वायर. मध्य चुकवून ती बसवली तर एखाद्या वळणावर तुटते, आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. ज्या गाड्यांत स्थिरता राखणारी यंत्रणा आहे, त्यांत स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. त्याचा शून्य हलला तर सरळ जाणारी गाडी वळतेय असं समजून यंत्रणा एखाद्या चाकाला ब्रेक लावू शकते. वाकडं स्टीअरिंग दोन्ही टाय रॉड सारखे जुळवून सरळ करायचं असतं, आणि सेन्सर असेल तर त्याचा शून्य पुन्हा नोंदवायचा असतो.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. टायरचा संशय असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, मात्र एका ठरावीक दिशेनेच फिरण्यासाठी बनवलेले टायर असतील तर असं करू नका. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर ब्रेक किंवा बुश तपासा. आणि रस्ता कडेला उतरता असल्याने गाडी जराशी त्या बाजूला सरकत असेल, तर तो दोष नाही.

ग्रीसबद्दल एकच सांगतो. काम झाल्यावर खडखड येत असेल तर बोल्ट सैल राहिला असं आधी धरा. बॉल जॉइंटचा आवळणारा बोल्ट, टाय रॉडचा लॉक नट, चाकाचे नट, यांतलं काहीही असू शकतं. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. गाडी थांबवा आणि तपासून घ्या. रबरी बुशला साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगून सडतं, ते वेगळंच.

बहिणीच्या गाडीला नवं बेअरिंग लावलं, बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून पुन्हा कसले आणि मग अलाइनमेंट केली. स्टीअरिंग आता हात सोडला की सरळ येतं. तिला तो मेसेज ज्यांनी पाठवला, त्यांना हे सगळं पाठवतोय.