‘आधी पंप बदला’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी बदलल्यावर इंजिनला पेट्रोल कमी का पडतं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे देतो: “टाकी बदलल्यावर गाडी बंद पडायला लागली तर आधी पंप बदला, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. तुम्ही अर्धा लेख झाकणावर घालवलात. प्रेशर किती हवं ते दिलेलं नाही, रिटर्न लाइनचा पत्ता नाही, पेट्रोलच्या काट्याबद्दल जेमतेम दोन ओळी. ज्यांनी कधी हात काळे केले नाहीत त्यांनी असले सल्ले देऊ नयेत.”

हात काळे केले नाहीत! अहो, माझं शिक्षणच मुळी गाडीखाली पाठीवर झोपून झालं. वडील कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उघडायचे आणि मी त्यातला जेट, म्हणजे बारीक छिद्राचा छोटा तुकडा, हातात धरून बसायचो, कारण खाली ठेवला की तो हरवायचा. टाकीचे पट्टे सोडताना गंजलेला बोल्ट तुटून कपाळावर आलाय, त्याची खूण आजही आहे. मतभेद जरूर असावेत. पण समोरच्या माणसाची काही माहिती नसताना त्याच्या हातांचा रंग ठरवायचा, हा कुठला प्रकार?

आता ते ‘आधी पंप बदला’. तुमचं हे एक वाक्य मी नीट वाचलं, कारण नेमकं हेच वाक्य ऐकून मी एकदा खिसा रिकामा करून घेतला आहे. टाकी नवी, गाडी सुरू होते, मस्त चालते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी गचके देत बंद. थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. गॅरेजवाल्याने तुमच्याइतक्याच खात्रीने पंप बदलायला लावला. बदलला. गाडी पुन्हा तशीच बंद पडली. शेवटी झाकण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली. नव्या टाकीसोबत आलेलं झाकण बिनछिद्राचं होतं, आणि माझ्या गाडीची टाकी फक्त झाकणातूनच श्वास घेणारी.

हे का होतं ते लेखात लिहिलंय, तरी पुन्हा सांगतो. इंजिनवरचा यांत्रिक पंप पेट्रोल ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त आपल्या बाजूचा दाब कमी करतो. पेट्रोल पुढे ढकलते ती टाकीतल्या पेट्रोलवर दाब देणारी बाहेरची हवा. ती आत यायला वाटच नसेल तर जितकं पेट्रोल बाहेर जाईल तितकी टाकीत पोकळी वाढते, आणि एका क्षणी पंप हरतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला तोंड घट्ट लावून ओढून बघा, बाटली आत दबते आणि पाणी येईनासं होतं. पंप कितीही नवा आणा, भौतिकशास्त्र बदलत नाही.

यात गोंधळ कुठे होतो, तर झाकणं सगळ्या काळात एकसारखी नव्हती. अमेरिकेत 1971 च्या मॉडेलपासून पेट्रोलची वाफ बाहेर सोडायला बंदी आली (कॅलिफोर्नियात एक वर्ष आधी). तिथून टाकी बंदिस्त झाली, वाफ ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊ लागली आणि झाकणातलं साधं छिद्र गेलं. नंतरच्या गाडीचं झाकण आधीच्या गाडीच्या तोंडावर बऱ्याचदा छान बसतं. बसतं म्हणून चालतं असं नाही. काही नव्या टाक्यांच्या व्हेंटच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या, नळीला वाहतुकीत कचरा जाऊ नये म्हणून बूच लावलेलं असतं, तेही काढायचं राहून जातं. म्हणून अर्धा लेख झाकणावर. जागा माझी, शाई माझी.

आणि एक साधा विचार करा. टाकी उतरवायच्या आदल्या दिवशी गाडी चालत होती ना? मग हात कुठे लागला? टाकीला, झाकणाला, आतल्या गाळणीला, मागच्या रबरी पाइपांना. पंपाला कोणी हातही लावलेला नाही. गाडी कोरडी उभी राहिली की जुन्या पंपाचा पडदा वाळून चिरतो, हे मलाही ठाऊक आहे. पण ते पंप न बदलता कळतं. पंपाकडे येणारा पाइप सोडा आणि स्वच्छ पेट्रोलच्या लहान डब्यात दुसरा पाइप टाकून पंपाला जोडा. इंजिन थंड असू द्या, अग्निशामक हाताशी ठेवा. गाडी डब्यावर नीट चालली आणि टाकीवर बंद पडली, तर दोष पंपाच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला. डब्यावरही पेट्रोल उचललं नाही, तर मग खुशाल पंपाला शिव्या द्या. ‘कुठलाही मेकॅनिक’ एवढं का करत नाही, हे त्यालाच विचारा.

मागच्या रबरी पाइपांबद्दलही तेच. पंपाच्या मागचा पाइप चिरला तर गाडी उभी असताना खाली थेंबही दिसत नाही, उलट चालत्या गाडीत तिथून हवा आत जाते. लोक गळती शोधत जमिनीकडे बघत बसतात.

प्रेशरचं म्हणाल तर ते मान्य. आकडा द्यायला हवा होता, लेखात घालतो: कार्ब्युरेटरच्या बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांना 4 ते 6 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), काही ब्रिटिश गाड्यांना त्याहून बरंच कमी. मात्र गेजवर काटा बरोबर दिसला म्हणून पेट्रोल पुरेसं येतंच असं नाही. त्यासाठी बाटलीत मोजावं लागतं. जुन्या व्ही-8 इंजिनांसाठी सर्रास सांगितला जाणारा हिशोब 30 सेकंदांत सुमारे अर्धा लिटर असा आहे.

रिटर्न लाइन, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी, सगळ्या जुन्या गाड्यांना नसते. ज्यांना आहे त्यांनी दोन नळ्या उलट जोडू नयेत, एवढंच. त्यासाठी वेगळा परिच्छेद कशाला? टाकी अर्धी झाल्यावरच गाडी बंद पडत असेल तर नळ्या उलट तर नाहीत ना ते बघा, आणि टाकीतलं पेट्रोल उचलणाऱ्या नळीला वर कुठे भोक आहे का तेही बघा. पेट्रोलच्या काट्याच्या दोन ओळी पुरेशा होत्या. रंगवलेल्या नव्या टाकीला अर्थिंग मिळत नाही, एक वायर चॅसिसला जोडा. जुन्या जनरल मोटर्सचा सेंडर (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) रिकाम्या टाकीला जवळपास 0 ओहम आणि भरलेल्या टाकीला 90 दाखवतो, तर फोर्डचा उलट, 73 वरून 10 वर येतो. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या काट्याला जोडलात तर काटा खोटंच बोलणार.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त गाडी कुठल्या वर्षाची, झाकण छिद्राचं की बिनछिद्राचं, आणि डब्यावर ती कशी चालली, एवढं त्यात असू द्या. माझ्या हातांची चौकशी नको.