रकाना कोरा राहिला तरी चालेल, अंदाजाने भरू नका

जुलै उजाडला की कोल्हापुरातल्या प्रत्येक मोबाईलवर एकच प्रश्न फिरू लागतो: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हापासून तर इंचाइंचाचा हिशेब घरोघरी होतो. या जागरूकतेचे मला कौतुकच आहे. परंतु बंधाऱ्यावरचा आकडा म्हणजे पावसाच्या प्रवासाचा शेवट. त्याची सुरुवात गगनबावडा, दाजीपूर, राधानगरीच्या घाटमाथ्यावर होते, आणि तिथे पाऊस व ओढ्या-नद्यांचे पाणी मोजणाऱ्या तंत्रज्ञांपैकी मी एक आहे. इतके पावसाळे हे काम केल्यावर माझे एक मत ठाम झाले आहे आणि ते अनेकांना पटणार नाही. मोजमाप झाले नसेल, तर नोंदवहीतला रकाना कोरा ठेवण्याची मुभा क्षेत्रावरच्या माणसाला असली पाहिजे. आज ती कागदावर आहे, व्यवहारात नाही.

पाऊस मोजण्याची रीत साधी आहे. नरसाळ्यातून बाटलीत साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या मोजपात्रात ओतायचे, पात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या रेषेशी आणायचा आणि मिलिमीटरचा आकडा लिहायचा. पेन्सिलीनेच लिहायचा, कारण शाई ओल्या कागदावर पसरते. कोल्हापूर शहरात हे काम पाच मिनिटांचे आहे. शहरात वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो. पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाच-सहा पट. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात चार लिटरची बाटली असेल, तर ती २०० मिलिमीटरला भरते, आणि घाटमाथ्यावर २०० मिलिमीटर हा एखाद्याच दिवसाचा पाऊस असू शकतो. म्हणून धुवाधार पावसात ती बाटली संध्याकाळीच एकदा मोजून रिकामी करावी लागते आणि ते माप सकाळच्या आकड्यात मिळवावे लागते. आता विचार करा, ही संध्याकाळची फेरी कोण आणि कशी मारणार? वाटेतला ओढा फुगलेला, धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही, पायांना जळवा लागलेल्या, आणि राधानगरीच्या जंगलपट्ट्यात अंधार पडल्यावर गव्यांची वाट अडवून उभे राहण्याचा शहाणपणा कोणीही करत नाही. म्हणजे ज्या दिवसाचा आकडा खाली कोल्हापूरला सर्वांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच दिवशी माणूस यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्वयंचलित यंत्रे. सरकारच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या निमित्ताने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत अशी केंद्रे बसली, त्यांचा उपयोग मोठा आहे आणि मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. परंतु या यंत्राच्या पोटात काय असते ते एकदा पाहण्यासारखे आहे. नरसाळ्याखाली दोन खणांची छोटी पळी असते. एक खण भरला की ती कलंडते, दुसरा खण पुढे येतो आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. नरसाळ्याच्या भोकात गवताची काडी, कोळ्याचे जाळे किंवा मुंग्यांनी आणलेली माती अडकली, की पाणी वरच तुंबते. बाहेर आभाळ फाटलेले असते आणि यंत्र शून्य दाखवते. पुढे पाऊस थांबतो, तुंबलेले पाणी थेंबाथेंबाने उतरू लागते आणि यंत्र रात्रभर रिमझिम पाऊस पडल्याचे कळवते. आलेखावर ही रिमझिम इतकी खरी दिसते, की पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला शंका येण्याचे कारणच नाही. शिवाय फार जोराच्या सरीत पळी कलंडत असताना काही पाणी मोजमापातून निसटते, आणि घाटावरच्या वाऱ्यात तर कोणताही पर्जन्यमापक पडला त्याहून थोडा कमीच पाऊस पकडतो. त्यामुळे स्वयंचलित यंत्राशेजारी साधे बाटलीचे यंत्र हवे आणि ते रोज वाचणारा माणूस हवा.

नदीच्या विसर्गाची, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते त्याची, कथा याहून अवघड आहे. आपण ऐकतो तो क्युसेकचा आकडा सहसा थेट मोजलेला नसतो. पातळीपट्टीवरची पाण्याची उंची वाचायची आणि त्या उंचीला किती विसर्ग असतो हे आधी केलेल्या मोजण्यांतून बांधलेल्या वक्रावरून काढायचे, अशी पद्धत आहे. तो वक्र बांधण्यासाठी नदीच्या रुंदीत ठिकठिकाणी पाण्याचा वेग मोजणारा प्रवाहमापक सोडावा लागतो: उथळ पाण्यात पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या सहा दशांशावर, खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी. हे नेहमीच्या पाण्यात जमते. पुरात ओंडके, झुडपे, कधी मेलेली जनावरे वाहत येतात. तिथे लाखमोलाचे यंत्र सोडणे हा वेडेपणा आणि स्वतः उतरणे ही आत्महत्या. मग तरंगत जाणाऱ्या वस्तूचा वेग घड्याळावर मोजून काम भागवावे लागते. परिणामी वक्राचा वरचा भाग, म्हणजे महापुराचा भाग, बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष मोजण्यांवर नव्हे, तर खालची रेषा पुढे वाढवून उभा असतो. हे गैर नाही, जगभर असेच करतात. पण कोणत्या धरणामुळे किती फुगवटा आला यावर चौकाचौकात तावातावाने वाद घालताना आपण ज्या आकड्यांच्या काठ्या करतो, त्यांतले किती मोजलेले आणि किती वाढवलेले, एवढे तरी विचारावे.

आता कोऱ्या रकान्याकडे येतो. माहिती भरण्याचा एक तक्ता मी वापरला आहे, त्यात रकाना रिकामा सोडला तर पानच पुढे सरकत नसे. मोजता आले नाही, असे लिहिण्याची सोय नव्हती, आकडाच हवा. वरून फोन येई तोही ठरलेला: खंड का पडला? अशा वेळी कंत्राटावरचा, पगार दोन-दोन महिने रखडलेला पोरगा काय करील? शेजारच्या केंद्राचा आकडा घेईल, थोडा कमी-जास्त करील आणि टाकून मोकळा होईल. मी त्याला दोष देणार नाही. पण घाटात शेजार हा शब्दच फसवा आहे. एका डोंगराच्या अलीकडे-पलीकडे पावसात मोठी तफावत असते. आणि शून्य भरणे तर याहून वाईट, कारण शून्य याचा अर्थ तिथे माणूस गेला, त्याने पाहिले आणि पाऊस नव्हता. कोरा रकाना पुढच्या अभ्यासकाला सावध करतो. गाळलेला आकडा गणिताने भरून काढण्याच्या पद्धती आहेत, फक्त तो अंदाज आहे अशी खूण शेजारी हवी. बनवलेला आकडा मात्र खऱ्या आकड्यांत मिसळला की वीस वर्षांनी तो वेगळा काढता येत नाही, आणि त्याच्याच आधारावर पुलाची उंची आणि पूररेषा ठरते.

एका धनगरवाड्यावरचे मामा मला दर पावसाळ्यात विचारतात, “सायेब, मोजून पाऊस कमी हुतोय व्हय?” होत नाही. पण हेच मामा आदल्या रात्री पाऊस कधी वाढला आणि ओढा कोणत्या दगडापर्यंत आला होता, हे बिनचूक सांगतात. अशा वस्तीवरच्याच माणसाला मोजपात्र शिकवून, नियमित मानधन देऊन नेमले, तर संध्याकाळच्या फेरीचा प्रश्न बराचसा सुटेल. शहरातून माणूस पाठवण्यापेक्षा हे स्वस्तही आहे. मानधन मात्र दरमहा हातात पडले पाहिजे. आक्टोबरात एकरकमी देण्याच्या आश्वासनावर जुलैच्या पावसात कोणी घराबाहेर पडत नसते, आणि पडूही नये.

आणखी एक काम मे महिन्यातच उरकण्यासारखे आहे. पर्जन्यमापक बसवताना जागा मोकळी असते, पण दहा-पंधरा वर्षांत भोवतीची झाडे वाढतात आणि यंत्र आडोशाला जाते. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवे, असा नियम आहे. वनक्षेत्रात झाड तोडता येत नाही आणि तोडूही नये. तिथे यंत्र हलवावे. फक्त हलवल्याची तारीख आणि नवी जागा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावी, नाहीतर त्या केंद्रावरचा पाऊस अचानक वाढला म्हणून कोणीतरी हवामान बदलावर प्रबंध लिहून मोकळा होईल.