सुरी, काडेपेटी आणि सह्याद्री : ‘दोन दिवस रान पोसते’ हे खरे नाही

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : शनिवारी सकाळी सुरी, काडेपेटी आणि एक पातेले एवढेच घेऊन सह्याद्रीत उतरावे, रानभाज्यांनी पोट भरते, ओढ्याचे वाहते पाणी शुद्धच असते, पक्षी जे फळ खातो ते माणसालाही चालते, आणि ठाकर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या असेच जगत आल्यामुळे शहरी माणसालाही दोन दिवस तसे काढणे अवघड नाही. रानात मुक्काम करण्याच्या हौसेशी माझे काही भांडण नाही. पण या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि त्यातली एक-दोन जिवावर बेतणारी आहेत.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण बाकीची त्याच्याच आधाराने उभी आहेत. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरातले जेवण म्हणजे मुख्यतः भात किंवा नाचणी-वरईची भाकरी. रानभाजी हे तिच्याबरोबरचे कोरड्यास. ते धान्य शेतातून, मजुरीतून किंवा रेशनच्या दुकानातून येते. रान सर्वांत हिरवे असते ते आषाढ-श्रावणात, आणि नेमके तेच दिवस या घरांना सर्वांत ओढीचे जातात : कणगीतले धान्य संपत आलेले असते, भातलावणी उरकली की मजुरी थांबते आणि नवे पीक हाती यायला अजून अवकाश असतो. या दिवसांत उपासमार होऊ नये म्हणूनच महाराष्ट्रात 1978 मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना सुरू झाली. ज्यांना रान पानापानाने ठाऊक आहे त्यांचेही ज्या हंगामात नुसत्या रानावर भागत नाही, त्याच हंगामात पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला ते पोसेल असे म्हणणे म्हणजे त्या लोकांच्या भुकेची थट्टा आहे.

आता रानभाज्यांनी पोट भरण्याविषयी. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या भाज्या चवदार आहेत, पौष्टिकही आहेत. परंतु पालेभाजीच्या 100 ग्रॅममधून साधारण 30 ते 50 कॅलरी मिळतात. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाला दिवसाला निदान 2,500 कॅलरी लागतात असे धरले, तर केवळ पाल्यावर ती गरज भागवायला त्याला सहा किलोंच्या आसपास भाजी खावी लागेल. ती खुडायला किती वेळ जाईल हे सोडा, सोबत नेलेल्या त्या एका पातेल्यात ती मावणारही नाही.

कंदांमध्ये जोर असतो हे खरे, पण रानातले बरेचसे कंद आणि कोंब जसेच्या तसे खाता येत नाहीत. पहिल्या पावसाच्या सुमारास येणारी शेवळं घ्या. वरचे आवरण उलगडून आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे आणि काकड या रानफळाच्या आंबट रसात किंवा चिंचेत चांगले शिजवायचे; यात कसर राहिली तर घशाला अशी खाज सुटते की जेवण तिथेच थांबते, कारण शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कडू कंदाचे काम तर याहून चिवट आहे. त्याच्या पातळ चकत्या करून, राख घालून उकडतात आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा आणि त्याबरोबरचा विषारी अंश निघून जातो. शनिवारी दुपारी खणलेला कंद रविवारी सकाळच्या आत ताटात येत नाही.

अर्थात धडधाकट माणूस दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. भुकेपेक्षा धोका आहे तो भुकेपोटी तोंडात टाकलेल्या वस्तूचा, आणि म्हणून पक्ष्यांविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते. राखी धनेश पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फळे बिनदिक्कत खातो. त्याच झाडाच्या बिया माणसाच्या हृदयाची लय बिघडवतात आणि त्याचा प्राण घेऊ शकतात. चवीची कसोटीही अशीच फसवी आहे. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. कळलावी फुलावरून कोणीही ओळखेल, पण नुसता कंद हाती लागला तर त्याची खाण्याच्या कंदाशी गल्लत होऊ शकते, आणि त्यातले कोल्चिसिन हे विष जीव घ्यायला अगदी थोडेही पुरते. अळंबीच्या बाबतीत चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे ती खाण्याजोगी, असा समज आहे. त्याला कसलाही आधार नाही. सर्वांत विषारी अळंब्यांचे विष शिजवल्याने जात नाही आणि त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, तोवर यकृताची हानी होऊ लागलेली असते.

पाण्याविषयी फार लिहायला नको. ओढा वाहता असला तरी वरच्या सड्यावर गुरे चरत असतात आणि पहिल्या पावसात ती सगळी घाण खाली येते. कावीळ, विषमज्वर, लेप्टो यांना वाहत्या पाण्याचे वावडे नाही. फडक्यातून गाळल्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत. पाणी खळखळ उकळायला हवे आणि त्यासाठी जाळ हवा. गावातली माणसे पाऊस लागण्याआधीच सरपण आणि गोवऱ्या पडवीत का रचून ठेवतात, याचा या मजकुराच्या लेखकाने विचार केलेला दिसत नाही. जुलैच्या रानात कोरडे लाकूड सहसा मिळत नाही आणि खिशातली काडेपेटी पहिल्या तासात सादळते. ओल्या कपड्यांत, वाऱ्याच्या तोंडावर, जाळाशिवाय काढलेली रात्र माणसाला गारठवून आडवी करते.

उरला कायदा, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे, जाळ करणे, वनोपज नेणे, नियम मोडून मासे धरणे किंवा फासे लावणे हे गुन्हे आहेत. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांत 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा याहून कडक आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने दिला आहे तो वनांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींना आणि अन्य पारंपरिक वननिवासींना. शिकारीचा हक्क त्यांनाही दिलेला नाही. सहलीला आलेल्या माणसाने त्यांच्या वाट्याच्या फोडशीवर सुरी चालवायची आणि वर त्यांचेच उदाहरण द्यायचे, हे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

ज्याला शिकायचेच आहे त्याने पायथ्याच्या वाडीत रीतसर पैसे देऊन एखाद्या घरी राहावे, तांदूळ-डाळ आपली न्यावी, आणि घरची बाई भाजीला निघेल तेव्हा तिची हरकत नसेल तर मागोमाग जावे. तिने खुडलेले पान आणि मुद्दाम सोडून दिलेले पान, दोन्ही पाहावीत. दुसऱ्याविषयी आधी विचारावे.